तोंडभर हवा

तात्यांना काहीही विचारलं, अगदी "चहा घेणार का?" एवढं साधं विचारलं, तरी ते लगेच उत्तर देत नसत. आधी तोंड मिटून गाल फुगवायचे. दोन्ही गाल असे टम्म, की चूळ भरून ठेवली आहे असं वाटावं. डोळे मोठे करून समोरच्याकडे बघत राहायचे. मग हळूहळू हवा सोडायची आणि म्हणायचं, "घेऊ ना." नवख्या माणसाला हा अपमान वाटे. सोसायटीच्या एका मीटिंगमध्ये लिफ्टच्या दुरुस्तीवर एकेकाचं मत विचारत होते. तात्यांची पाळी आली आणि सगळी मीटिंग त्यांच्या गालांतली हवा उतरायची वाट बघत थांबली. हवा उतरली तेव्हा ते म्हणाले, "मना काय इचारता, मी जिन्यानी चरतो."

ही सवय कुठून लागली असं मी एकदा काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "लगीन झाला तवाशी असाच हाय. पयले मना वाटला, बापसानी मुका नवरा बगला." तात्या तिथेच बसलेले होते. त्यांनी गाल फुगवले, पण उत्तर द्यायचं सोडून हवा नुसतीच सोडून दिली. काकींपुढे त्यांचं बहुतेक असंच चाले.

आम्ही खाडीकाठच्या जेसल पार्कला राहायला आलो तेव्हा हे जोडपं आमच्या समोरच्या दारात आधीपासून होतं. तात्या मूळचे तिथल्याच नवघर गावचे. वाडवडिलांची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागर. शेती गेली, मिठागर गेलं, त्या जागी बिल्डिंगा आल्या आणि त्यांतल्याच एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर तात्या आले. मधली वर्षं त्यांनी स्टीलची भांडी पॉलिश करण्याच्या कारखान्यात काढली. जमीन गेल्याचं रडगाणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. फक्त एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघत ते म्हणाले होते, "तुमच्या या किचनच्या खाली आमचा खला होता. इथं भात झोराचो." मी कणीक मळत होते. त्या दिवसापासून माझ्या ओट्याखाली कुणीतरी भात झोडतंय असं मला अधूनमधून वाटायला लागलं.

तात्यांच्या तोंडात चार भाषा सुखाने नांदत. काकींशी आणि गावकीतल्या माणसांशी आगरी, वाण्याशी हिंदी, खालच्या मजल्यावरच्या शहाबेनशी मोडकंतोडकं गुजराती, आणि मी शाळेत शिकवते म्हणून माझ्याशी त्यातल्या त्यात शुद्ध मराठी. हे शुद्ध मराठी फार तर दोन वाक्यं टिकायचं. तिसऱ्या वाक्याला 'हाय-न्हाय' डोकं वर काढायचंच. "बाय," ते मला म्हणायचे, "तुझ्यासंग बोलताना मना घट्ट बुटं घातल्यावानी वाटतं." मग मीच म्हटलं, काढून ठेवा बुटं. तेव्हापासून आमचं जमलं.

आता बादलीची गोष्ट सांगायला हवी, कारण खरी ओळख तिथूनच झाली. माझा नवरा लांज्याकडचा. कोकणातला असल्यामुळे माशांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची ठाम समजूत. वास्तविक त्याच्या गावापासून समुद्र इतका लांब, की मासा तिथे पोचेस्तोवर त्याला स्वतःलाच आपण कुठले ते आठवत नसेल. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तात्या दारात उभे राहिले. डोक्यावर ओला पंचा, हातात ओलं गोणपाट, आणि गोणपाटात काहीतरी चुळबुळ करतंय. नव्या शेजाऱ्याला खाडीतलं काहीतरी न्यावं ही त्यांच्या घरची रीत. "निवट्या हायेत, जित्या," ते म्हणाले. "उद्या सकाली करा. आंबट करा, कैरी टाकून." एवढं सांगून ते गेले.

निवटी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढा, फार तर वीतभर लांबीचा चिखलाच्या रंगाचा मासा. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे बाहेर आलेले. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की तिवरांच्या मुळांजवळ हे मासे पुढच्या परांवर टेकत चालतात, उड्या मारतात, एकमेकांवर धावून जातात. पाणी नसताना. पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून म्हणतो, अरे, हा सरडा की मासा?

माझ्या नवऱ्याने बादली आणली. मासा म्हणजे पाणी, जितकं जास्त तितकं बरं, या न्यायाने ती काठोकाठ भरली. निवट्या उड्या मारून बाहेर यायला लागल्या तशी वर परात ठेवली. परात हलायला लागली तसा वर वरवंटा ठेवला. "आता कशा जातात बघू," असं म्हणून तो झोपायला गेला. सकाळी परात काढली तर सगळ्या निवट्या मेलेल्या.

तात्या आठच्या सुमाराला विचारायला आले, आंबट झालं का म्हणून. नवऱ्याने बादली दाखवली, परात दाखवली, वरवंटाही दाखवला. तात्यांनी गाल फुगवले ते बराच वेळ उतरेचनात. मला वाटलं, माणूस संतापला. पहिल्याच आठवड्यात शेजार बिघडला. पण मग त्यांच्या तोंडातून हवेबरोबर असं हसू फुटलं, की काकी दार उघडून बाहेर आल्या. "जल्ला," तात्या डोळे पुसत म्हणाले, "माशाला पान्यात बुरवून मारला. असा मानूस मिनी पयल्यांदा बगला." काकींनी ही बातमी नवघरात त्यांच्या माहेरपर्यंत पोचवली. पुढे कितीतरी दिवस माझा नवरा तिकडे 'निवटी बुरवनारा' म्हणून ओळखला जायचा. त्याचं अजूनही म्हणणं असं, की मासा पाण्यात बुडतो हे आधी कुणी सांगायला नको का?

खरं तर विज्ञान शिकवणाऱ्या मला ते सांगता आलं असतं, पण मीही तोवर पुस्तकातल्या बेडकापलीकडे गेले नव्हते. त्या बादलीनंतर मात्र मी वाचायला घेतलं. निवटीला कल्ले असतात, पण नुसत्या कल्ल्यांवर तिचं पुरत नाही. तिची ओली कातडी हवेतून श्वास घेते, तोंडाच्या आतलं अस्तर घेतं. जमिनीवर येताना ती गालांत पाणी भरून आणते, म्हणजे कल्ले सुकत नाहीत. कातडी सुकायला लागली की डबक्यात लोळून घेते. पाण्यात चालतं आणि जमिनीवरही चालतं, पण एकाच ठिकाणी कोंडून घातलेलं चालत नाही. आमच्या बादलीत वर यायला जागाच नव्हती. मी हे सगळं तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे गालात पानी भरतं ते यासाठी. मना वाटाचा, जनावर माझी नक्कल करतं." सोसायटीतली पोरं त्यांना पाठीमागे निवटीतात्या म्हणत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, सुकला की संपलाच अशा अर्थाचं. "सुकला का संपला." निवट्यांच्या गोणपाटावर पाणी शिंपडताना हे वाक्य, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालताना हे वाक्य, डोक्यावरचा पंचा नळाखाली धरताना हे वाक्य. त्यांचा मुलगा आठ-आठ दिवस फोन करत नसे, तेव्हाही तेच. मुलगा मीरा रोडला पूनम सागर सोसायटीत राहायचा, नोकरी अंधेरीला. "फोन नको करू दे, पन येऊन जाऊन ओला रव्हाचा," ते म्हणत. "सुकला का संपला."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर खाडीवर गेले. खाडीकाठच्या चौपाटीच्या पुढे जिथे लोक फिरायला जात नाहीत, तिथे जुन्या मिठागराचा बांध अजून थोडा शिल्लक होता. ओहोटी लागली होती. तात्या पायजमा गुडघ्यावर खोचून चिखलात उतरले आणि मी चपला हातात घेऊन बांधावर बसले. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. तात्या एका तोंडावर टाच रोवायचे आणि दुसऱ्यात हात घालायचे, मनगट, कोपर, मग थेट खांद्यापर्यंत. गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले. हात बाहेर येई तेव्हा मुठीत निवटी असे. हे ते लहानपणापासून करत आले होते, त्यांचे वडीलही असंच करत.

मला बोलायची घाई असते. शिक्षकांना असतेच. मी बांधावरून म्हटलं, "तात्या, त्या बिळात काय असतं माहितीये का तुम्हाला?" ते म्हणाले, "निवटी." मी म्हटलं, "निवटी तर असतेच. पण बिळाच्या पोटात एक खोली असते, वर चढत गेलेली. तिच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. त्या चिखलातल्या पाण्यात श्वास घेण्याजोगं काही नसतं, अंडी गुदमरून मरतील. म्हणून बाप काय करतो, ओहोटीला वर येतो, तोंडभर हवा घेतो आणि बिळात नेऊन सोडतो. परत येतो, परत नेतो. असा एकेक घास करून खोली हवेने भरतो. मग भरती आली, वर सगळं पाणी झालं, तरी आत हवा असते."

तात्यांचा हात तेव्हा बिळात होता. त्यांनी तो लगेच बाहेर काढला नाही. अगदी सावकाश काढला, रिकामा. टाचही उचलली. चिखलात तसेच उकिडवे बसून त्यांनी गाल फुगवले आणि बिळाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हंजे आमी हात घातला," ते बऱ्याच वेळाने म्हणाले, "का त्यानी आनलेली सगली हवा बाहेर."

मी म्हटलं, तसं नेहमीच होत नसेल, अंड्यांचे दिवस ठरलेले असतात. पण ते ऐकत नव्हते. गोणपाटातल्या निवट्या त्यांनी चिखलात सोडून दिल्या आणि आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. काकींनी मसाला वाटून ठेवला होता. त्यांनी आधी गोणपाट झटकून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तू काय सांगितला याला?" मी सांगितलं. काकी म्हणाल्या, "आता यो मानूस मना पिठला खायला घालनार." आणि तसंच झालं. तात्यांनी त्यानंतर बिळात हात घातला नाही. खाडीवर जायचे, बांधावर बसायचे, कोणता नर किती वेळा वर येतो ते बघायचे आणि मला येऊन सांगायचे. काकींनी मला बरेच दिवस माफ केलं नव्हतं. निवटीच्या आंबटाचा विषय निघाला की "म्याडमना इचारा" असं म्हणायच्या.

काकींचा खोकला जुनाच होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. खोकता खोकताही त्या बोलणं थांबवत नसत, त्यामुळे तो आजार वाटायचाच नाही. पण एकदा बाजारातून येताना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्या खाली बसल्या आणि उठेनात. तपासण्या झाल्या. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती परत मऊ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधाने वेग कमी होईल, इतकंच. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसरात्र घुरघुरत राहायचं. त्याची लांब नळी काकींच्या नाकाला. नळी पुरेल तेवढंच त्यांचं घर, पलंगापासून ओट्यापर्यंत. गॅलरीपर्यंत ती पोचत नव्हती. "मना दाव्याला बांधलाय," काकी म्हणायच्या, पण दाव्याला बांधल्या बांधल्या भाकऱ्या थापायच्या आणि तात्यांनी आणलेल्या भाजीला नावं ठेवायच्या.

मशीन आलं त्या दिवसापासून तात्यांचा जीव विजेच्या तारेवर टांगलेला होता. लाइट गेली की मशीन बंद. म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा केलेला असे. तो संपायच्या आत दुसरा भरून आणायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जाते तेव्हा लिफ्टही जाते. मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली ती येईचना. कोपऱ्यातला सिलिंडर उतरत चालला. मी शाळेला सुट्टी म्हणून घरीच होते. काकींजवळ मी बसले आणि तात्या दुसरा आणायला गेले. थोड्या वेळाने जिन्यात जड पावलं वाजली. तात्या सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होते, खांद्यावर ओला पंचा दुमडून ठेवलेला. मी धरायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तोंड उघडता येत नव्हतं. गाल फुगलेले होते. आत येऊन त्यांनी सिलिंडर टेकवला, नळी जोडली, खटका फिरवला, काकींच्या छातीकडे बघत राहिले, आणि ती वरखाली व्हायला लागल्यावरच त्यांनी आपली हवा सोडली. जिनाभर ते श्वास धरून आले होते की काय, मला कळलं नाही. काकी डोळे मिटून म्हणाल्या, "आला का माझा निवटा?"

पुढे हेच सुरू राहिलं. सिलिंडर न्यायचा, भरून आणायचा. काकींच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा बघायचा, पुन्हा बघायचा. तात्यांनी खाडीवर जाणं सोडलं. पंचा सुकलेला असायचा. मुलगा म्हणत होता, पूनम सागरला चला, तिकडे जनरेटर आहे. काकी म्हणत होत्या, जायचं नाही. आणि एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा म्हणत, माझ्यादेखत, मुलादेखत, डॉक्टरांदेखत: वेळ आली तर मला दवाखान्यात नेऊन घशात नळी घालू नका. तात्या तेवढं वाक्य संपेपर्यंत खोलीबाहेर जात. मला स्पष्ट दिसत होतं, की हे वाक्य त्यांना ऐकायचंच नाही. त्यांना एकच ठाऊक होतं, हवा आणायची. आणत राहायची. काकींचं म्हणणं मानणं म्हणजे हवा आणणं थांबवणं, आणि तेवढं त्यांना जमणार नव्हतं.

अशातच एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. काकी झोपल्या होत्या. मी पेपर तपासत होते. "बाय," ते म्हणाले, "त्या निवटीचा पुरं काय व्हतं?"

मी विचारलं, "कसलं पुढे?"

"बाप हवा आनतो, आनतो. मग? कवापर्यंत आनतो?"

मी पेपरावरून मान न उचलताच सांगायला लागले. हे मी नंतर वाचलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. आपल्याच खाडीतल्या निवटीचं असं होतं की तिच्या लांबच्या भावंडांचं, ते मला सांगता येणार नाही, पण पाहिलेलं आहे. अंडी तयार झाली, की एका मोठ्या भरतीला बाप उलटं काम करतो. खोलीत जातो, तोंडभर हवा घेतो आणि बाहेर नेऊन टाकतो. पुन्हा जातो, पुन्हा बाहेर आणतो. इतके दिवस आणून साठवलेली सगळी हवा तो स्वतःच्या तोंडाने काढून टाकतो. खोलीत पाणी चढतं. अंड्यांना पाणी लागलं, की ती फुटतात आणि पिल्लं भरतीबरोबर बाहेर जातात. हवा तशीच ठेवली तर ती आतच अडकून मरतात.

वाक्य संपवून मी वर पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. तात्यांनी गाल फुगवले होते. डोळे भरले होते. आपण कुणाला काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "तात्या, मी माशाचं बोलत होते." त्यांनी हवा सोडली आणि म्हणाले, "मी बी माशाचाच इचारला." आणि समोरच्या दारात गेले.

दिवाळीच्या आधी काकींची तब्येत एकदम ढासळली. सकाळी मशीन पूर्ण जोरात चालू होतं, सिलिंडरही लावला होता, तरी त्यांना बसल्या जागी श्वास पुरत नव्हता. नेहमीचे डॉक्टर घरी आले. मुलगा पूनम सागरहून धावत आला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावून समजावून सांगितलं. दवाखान्यात नेऊन मोठ्या मशीनवर ठेवता येईल. काही दिवस मिळतील. पण त्यावरून त्या परत उतरतील असं त्यांना वाटत नव्हतं. इथेच ठेवायचं असेल तर त्रास कमी होईल असं औषध देता येईल. ठरवायचं घरच्यांनी. मुलगा म्हणाला, "यात काय ठरवायचंय? मी गाडी काढतो."

आतून काकींनी भिंतीवर हात आपटला. आम्ही आत गेलो. त्यांनी मुलाकडे बघितलंच नाही. तात्यांकडे बघितलं आणि एकेका शब्दाला थांबत म्हणाल्या, "मना... हितंच... रव्हाचा."

सगळे तात्यांकडे बघायला लागले. त्यांनी गाल फुगवले. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, पण एवढा वेळ त्यांनी हवा कधी धरली नव्हती. मशीन घुरघुरत होतं. मुलगा "बाबा, बोला ना, बाबा" म्हणत होता. तात्या काकींकडे बघत होते आणि काकी त्यांच्याकडे. मग त्यांनी हवा सोडली. एकदम नाही, अगदी थोडी थोडी करून, शेवटपर्यंत.

"न्यायची न्हाय," ते म्हणाले.

मुलगा ओरडला, की मग काय नुसतं बघत बसायचं? इतके दिवस सिलिंडर कशाला वाहिलेत? तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आनायची तवर आनली, पोरा. आता तिची भरती आली. आता धरून ठेवाचा न्हाय."

मुलाला त्यातलं काय समजलं असेल कुणास ठाऊक. मला समजलं. मी गॅलरीत गेले. एका माणसाच्या बायकोचा जीव माझ्या एका वाक्यावर ठरला की काय, ही भीती त्यानंतर पुष्कळ दिवस गेली नाही. नंतर शांतपणे विचार करताना उमगलं, की ठरवलं होतं ते काकींनी, फार आधीच. तात्यांना फक्त ते सोसायचं कसं हे सापडत नव्हतं, आणि ज्या प्राण्याला त्यांनी आयुष्यभर मुठीत धरलं त्याच्याकडून त्यांनी ते शिकून घेतलं.

औषधाने काकींचा जीव हलका झाला. तात्यांनी पंचा नळाखाली धरून ओला केला, पिळला आणि काकींच्या कपाळावर ठेवला. काकींनी पलंग गॅलरीकडे सरकवायला सांगितलं. मुलाने आणि माझ्या नवऱ्याने मिळून तो सरकवला, मशीनही उचलून जवळ नेलं. काकींना निवटी बुरवणाऱ्याकडे बघून थोडं हसू आलं, एवढं मला नक्की आठवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. तेव्हा खाडीला भरती होती की ओहोटी, मी पाहिलं नाही. तात्यांनी पाहिलं असेल.

काकींचे दिवस झाले. मशीन परत गेलं आणि आमच्या मजल्यावर विचित्र शांतता झाली. मुलाने तात्यांना पूनम सागरला न्यायचं ठरवलं आणि या वेळी कुणीच नाही म्हटलं नाही. सामान उतरवत होते त्या दिवशी सकाळी तात्या एकटेच खाडीवर जाऊन आले. पायांना चिखल होता, पंचा ओला होता. माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "बाय, शालेत ती निवटी शिकवतेस ना, तवा पुरचा बी शिकव. पोरांना अर्दाच सांगू नको." मी हो म्हटलं. मी शिकवते. हवा आणण्यापर्यंत वर्गात सगळे हसत असतात. हवा बाहेर नेण्याचं सांगितलं की मागच्या बाकांवरचं कुणीतरी हमखास विचारतं, "टीचर, त्याला कसं कळतं, की आता न्यायची?"

त्या सकाळी तात्यांना निरोप द्यायचा कसा, हे मला कळत नव्हतं. हातात चहाचं पातेलं होतं, म्हणून मी सवयीने विचारलं, "तात्या, चहा घेणार का?" आणि त्यांच्या गालांकडे बघत थांबले. इतकी वर्षं थांबत आले होते तशीच.

"नको, बाय," ते म्हणाले. लगेच म्हणाले. गाल तसेच होते, सपाट.